बाहेरचं बाकडं

प्रमिलाबाई दमली होती. रावेरला केळीच्या पॅकिंगवर बावीस वर्षं फण्या धुऊन खोकी भरणारी बाई, कामानं कधी दमली नाही. पण जळगावच्या या दवाखान्यातल्या बाकड्यानं तिला पार थकवलं. ही तिसरी खेप. पोटात गाठ तिच्या, आणि डॉक्टर दर वेळी विचारणार, "सोबत कोण?" मग मुलगा समाधान आत, आणि जिची गाठ ती बाहेर. काय म्हणावं याला!

समाधान बाहेर आला. डोळे लाल झालेले. म्हणाला, "काही नाही आई, गोळ्या बदलल्या."

प्रमिलाबाईनं ओळखलं. हे वाक्य तर तिचंच! आठ वर्षांपूर्वी अशाच बाकड्यावर बसलेल्या आजारी नवऱ्याला, छगनला, तिनं हेच सांगितलं होतं. बिचारा शेवटपर्यंत विचारत राहिला, "खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?" नशिराबादच्या बहिणीशी त्याचा अबोला होता; दिवस थोडे उरलेत हे त्याला कळलंच नाही, आणि तो तसाच राहून गेला. मायेपोटीच लपवलं होतं तिनं, पण लपवलं होतं.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सरळ आत गेली. टेबलावर कागद होता, नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घ्यायच्या संमतीचा. खाली समाधानची सही.

"गाठ माझी अन् सही याची?"

डॉक्टर हेमांगी गडबडल्या. "ते म्हणाले, तुम्हाला ताण नको."

"ताण बाहेर बसून येते बाई. मले सांगा. सगळं सांगा."

हेमांगींनी तो कागद बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. कॅन्सर आहे, पसरलाय. औषधानं काही महिने मिळतील, कदाचित नाहीही. नको वाटलं तर कधीही सोडता येईल. प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "घेते औषध. पण दर आठवड्याले इथे येणं झेपायचं नाही, रक्त रावेरले घ्या. अन् यापुढे ज्याचा आजार, त्या पेशंटलेच आधी आत बसवा."

हेमांगी लिहून घेत होत्या. "या अभ्यासाच्या डॉक्टरांची बैठक असते, तिथे हे तुम्हीच येऊन सांगाल?"

"जीव असला तर येईन."

समाधान मान खाली घालून बाकड्याकडे निघाला होता.

"कुठे चालला? इथे बस माझ्याजवळ. अन् जाताना नशिराबादले आत्याकडे उतरू. तुह्या बापाचं बोलायचं राहिलं, ते मी बोलून घेते."