थांबवलेली मोटार

कोरिया नावाच्या देशाने आपली अब्रू सांभाळायचं काम जगभर कोणाकोणावर सोपवलं होतं ते मला ठाऊक नाही, पण देवास जिल्ह्यापुरतं ते आमच्या आतोबांकडे होतं, आणि त्यांनी ते पगार न घेता, एका दिवसाची रजा न टाकता केलं. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मूळचे धारचे. सगळं घराणं संस्थानच्या दप्तरात कारकुनी करून थकलेलं, त्यात हातात पान्हा धरणारे हे पहिलेच. सत्तरच्या दशकात कुवेतला रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपात ते सहा वर्षं मेकॅनिक होते. तिकडून परतणारी माणसं सोनं आणत, टेपरेकॉर्डर आणत, जाड ब्लँकेटं आणत. आतोबांनी मोटार आणली, आणि तीही कोरियाची. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. त्या काळी आमच्या देवासच्या समजुतीप्रमाणे मोटारीच्या जाती दोनच, एक फुगीर आणि एक चौकोनी, आणि कोरिया म्हटलं की लोकांना फक्त लढाई आठवे.

"कोरियात मोटारी होतात?" असं कोणी सहज विचारलं तरी आतोबा त्याला घरी नेत, चहा पाजत आणि दीड तास इतिहास सांगत. "त्या लोकांकडे काही नव्हतं हो! आधी परक्यांच्या मोटारींचे भाग नुसते जोडत बसायचे. मग ठरवलं, आपली करायची. रूप दिलं इटलीच्या माणसाने, इंजिन जपानचं, शिकवायला विलायतेचे गोरे, आणि हसायला सगळं जग. तरी केली! नाव काय ठेवलं? तट्टू. घोडा नाही म्हणाले, तट्टू. याला म्हणतात आपली पायरी ओळखणं." कुवेतच्या वर्कशॉपात किम नावाचा एक कोरियन मेकॅनिक त्यांच्या शेजारी काम करी. गोरा फोरमन दोघांनाही हसे, एकाला त्याच्या देशाच्या मोटारीवरून आणि दुसऱ्याला त्याच्या डब्यावरून. आतोबा परत निघाले तेव्हा किमने त्या मोटारीच्या टपावर हात ठेवून म्हटलं होतं, "तुझ्या गावात ही पहिलीच असेल. लोक हिच्यावरून आम्हाला ओळखतील." बोलणारा बोलून गेला असेल. आतोबांनी ते वाक्य कुलदैवतासारखं सांभाळलं.

मोटार मोहरीच्या रंगाची, ठेंगणी, आणि तिचं चाक डावीकडे. म्हणजे आतोबा डावीकडे बसून चालवत आणि आत्या उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, मांडीवर परात घेऊन मेथी निवडत बसे. पहिल्या महिन्यात सोनकच्छच्या रस्त्यावर एक दूधवाला सायकलसकट खड्ड्यात गेला. त्याचं म्हणणं, बाई दोन्ही हात सोडून मोटार हाणत होती आणि वर भाजी निवडत होती. पुढची गाडी ओलांडायची तर डावीकडून आतोबांना रस्ता दिसत नसे. ते विचारत, "मोकळा?" आणि रस्ता खरोखरच मोकळा असला तर आत्या "हं" म्हणे. नसला तर ती बोलतच नसे. त्यांच्या संसारात आत्याचं मत विचारलं जाई आणि मानलंही जाई अशी ही एकच जागा, त्यामुळे ती हे काम मोठ्या जबाबदारीने करी.

पण आतोबांचा खरा नियम दुसराच होता. मोटार बंद पडत नाही. ती थांबवली जाते. ती कुठेही, कशीही, धूर सोडत किंवा आचके देत उभी राहिली तरी आतोबा शांतपणे उतरत, डिकीतून सतरंजी काढत, झाडाखाली अंथरत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "वा, काय हवा आहे इथली!" डिकीत जादा चाक नसे, पण सतरंजी, थर्मास आणि थालीपिठांचा डबा कायम असे. चारचौघांत बॉनेट उघडायचं नाही, कारण उघडं बॉनेट म्हणजे कबुली. रस्ता रिकामा झाला की ते हळूच जाऊन काय ते बघून येत. देवास ते धार असा एक खड्डा नसेल जिथे बसून आत्याने थालीपीठ खाल्लेलं नाही. एका उन्हाळ्यात मोटार देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी आठवड्यातून तीनदा थांबली. तिन्ही वेळा आतोबा सरळ पायऱ्या चढून देवीच्या दर्शनाला गेले. देवासात ते मोठे भाविक म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि मोटारीच्या बाबतीत हे पहिल्यांदाच काहीतरी चांगलं बोललं जात असल्यामुळे त्यांनी कोणाचा समज दूर केला नाही.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जे झिजेल ते बाजारपेठेतल्या लेथवाल्या मिस्त्रीकडून करून घ्यायचं, नाहीतर घरी बसून स्वतः कापायचं. आरसा स्कूटरचा, मागचा दिवा ट्रॅक्टरचा, एका दाराची कडी आमच्या न्हाणीघराची. मिस्त्री एकदा वैतागून म्हणाला, "भिया, इसमें अब कोरिया का बचा क्या हे?" आतोबा म्हणाले, "हिम्मत." त्या दिवशी मिस्त्रीच्या दुकानात जे हसले त्यांत मीही होतो. हसायला तेव्हा मला काही लागत नसे.

मग माझ्यावर पाळी आली. डिप्लोमा होऊन दोन वर्षं मी घरी बसलो होतो, आणि वडील त्याच पावसाळ्यात निवृत्त होणार होते. पीथमपूरला नुकताच उभा राहिलेला एक मोटारींचा कारखाना, त्याचं मुलाखतीचं पत्र आलं. सकाळी दहा वाजता. उशिरा येणाऱ्यास आत घेतलं जाणार नाही, असं खाली ठळक छापलेलं. आईने ते पत्र देवापुढे ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी आतोबा आले आणि म्हणाले, "मोटारीच्या कारखान्यात बसने जाणार? लग्नाला घरून जेवून गेल्यासारखं दिसेल. मी नेतो." आईचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कशाला उगाच त्रास?" ते म्हणाले, "त्रास कसला, वहिनी? मोटार तर आहे!" घरच्या जावयाला, आणि तेही तोंडावर, तुमची मोटार नको असं म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. वडील रात्रभर कुशी बदलत होते, एवढं मला आठवतं.

सातला निघालो. मी आत्याच्या जागेवर, म्हणजे उजवीकडे. मुंबई-आग्रा रस्त्यावर पुढून ट्रक अंगावर येत होते आणि आतोबा विचारत होते, "मोकळा?" एकदा मी घाईत "हं" म्हणालो आणि समोरून बस आली. आतोबांनी मोटार कशीबशी आत घेतली आणि म्हणाले, "बाळ, घाईचं हं म्हणू नकोस. खरं असेल तेव्हाच म्हण." इंदूर निघालं, राऊ मागे पडलं. घड्याळात नऊ वाजत आले होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं की पोचतो आपण. तेवढ्यात इंजिनाने दोन आचके दिले, आतून कोणी उसासा टाकावा तसा आवाज आला, आणि मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

आतोबा उतरले. डिकी उघडली. सतरंजी काढली. बाभळीखाली अंथरली. "वा, काय हवा आहे इथली!" ऐकायला मी सोडून कोणी नव्हतं. त्यांनी थर्मासमधून चहा ओतला, तो कपात कमी आणि बशीत जास्त पडला. सव्वानऊ. रस्ता रिकामा बघून ते बॉनेटकडे निघाले की लांबून ट्रक दिसे आणि ते परत येऊन सतरंजीवर बसत. असं तीनदा झालं. साडेनऊ. दोन ट्रकना मी हात केला, एकही थांबला नाही. चालत जायचं तर कारखाना दीड तासावर. माझ्या डोळ्यांपुढे ते पत्र आणि वडिलांची कूस बदलणारी पाठ. शेवटी मी ओरडलोच. "आतोबा, बंद पडली आहे ती! एकदा म्हणा तरी, बंद पडली म्हणून!" आयुष्यात मी त्यांच्याशी एवढ्या वरच्या आवाजात बोललो नव्हतो. चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

त्याच वेळी राऊच्या बाजूने कारखान्यांच्या कामगारांची शिफ्टची बस येताना दिसली. आमच्या गल्लीतले चौघेजण रोज देवासहून येऊन इंदूरला तीच बस पकडत. पाच वर्षं हे चौघे आतोबांची मोटार रस्त्यात उघडी पडलेली बघायला टपून होते. आतोबांनी बस ओळखली. ते उठले, सतरंजी झटकली, नीट चौघडी केली, डिकीत ठेवली. मग पुढे येऊन भर रस्त्यात बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "धर जरा." मी ते उचलून धरलं. आत वाकून त्यांनी एकाच जागी बघितलं आणि मान हलवली. "इंजिनाला पेट्रोल चढवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फाटलाय. तो मी कापलेला होता, सायकलच्या ट्यूबमधून. तिचा दोष नाही. बाळ, तिथे साहेबांसमोर गोष्ट निघालीच, तर एवढं सांग. पडदा माझा होता." मी हो म्हणालो. मग ते रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले.

बस करकचून थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. गल्लीतला एकजण ओरडला, "क्यों काका, आज यहाँ की हवा केसी हे?" सगळी बस हसायला लागली. आतोबा त्या हसण्याहून मोठ्याने म्हणाले, "बंद पड गई हे, भिया! सुन लिया? बंद पड गई! लड़के का दस बजे इंटरव्यू हे, इसको ले जाओ!" कोणीतरी माझा हात धरून मला वर ओढलं. मागच्या काचेतून मला ते दिसत होते, उघड्या बॉनेटपाशी उभे, छोटे छोटे होत गेलेले.

दहाला पाच मिनिटं असताना मी फाटकात होतो. बॉनेट धरताना शर्टाच्या बाहीला काळा पट्टा उमटला होता, आणि समोरच्या तिघांपैकी मधल्या साहेबांचं लक्ष पहिलं तिकडे गेलं. "ये क्या है?" मी म्हणालो, "सर, रास्ते में गाड़ी बंद हो गई." "कौन सी गाड़ी?" "कोरिया की, सर." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "कोरिया में गाड़ियाँ भी बनती हैं?" आणि ते हसले. इथेच मला पडद्याचं सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मी म्हणालो, "बनती तो हैं, सर, चलती नहीं." साहेब खदखदून हसले, मीही हसलो, आणि पुढची सगळी मुलाखत अशी सोपी गेली की दुपारी मला तोंडी कळवण्यात आलं, कामावर घेतलं म्हणून. नोकरी मला माझ्या डिप्लोम्यावर मिळाली असेलही. पण माझी लाज मला त्या दिवसापासून चिकटली ती चिकटलीच.

संध्याकाळी आतोबा आमच्या ओट्यावर बसले होते. मोटार त्यांनी ट्रकमागे बांधून आणली होती. आईने सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. गर्दी आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "गोष्ट निघाली होती?"

"निघाली."

"मग?"

"चांगली मोटार आहे म्हणाले."

"आणि पडद्याचं?"

"सांगितलं."

त्यांनी मान डोलावली आणि पेढा तोंडात टाकला. दुसऱ्या दिवसापासून देवासभर झालं की पीथमपूरच्या बड्या साहेबांनी कोरियाच्या मोटारीला नावाजलं. दर दसऱ्याला मोटारीला हार घालताना ते माझ्याकडे बोट करून पाहुण्यांना सांगत, "विचारा याला." मी हो म्हणे.

पुढे तीन-चार वर्षांनी, मोटार विटांवर चढवून अंगणात ठेवली होती तेव्हा, ते एक इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. कोरियाची स्वस्त मोटार अमेरिकेत पोचली होती आणि लोक ती रांगा लावून घेत होते. खाली हेही होतं की तिकडे तिच्यावर विनोदही खूप करतात. त्या ओळीवर आतोबांनी पेनाने बारीक काट मारली होती. "तुझ्या साहेबांना दाखव," एवढंच म्हणाले. या खेपेला मी खरंच गेलो. त्याच साहेबांच्या टेबलावर कात्रण ठेवलं आणि म्हणालो, "सर, उस दिन पंप का पर्दा साइकिल की ट्यूब का था. गाड़ी का दोष नहीं था." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कौन सा पर्दा?" त्यांना मुलाखत आठवत नव्हती, मोटार आठवत नव्हती, माझा विनोद तर नाहीच. कात्रण मात्र त्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "कमाल है."

रविवारी मी सांगायला गेलो तेव्हा आतोबा अंगणात मोटारीतच बसले होते. आता ते पेपर तिथेच वाचत. मी दार उघडून आत्याच्या जागेवर बसलो आणि साहेबांनी सगळं वाचलं, कमाल आहे म्हणाले, हे सांगितलं. त्यांनी पेपराची घडी केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "या खेपेला कोणी हसलं नाही ना?"

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. सगळे दसरे, सगळे हार, "विचारा याला" म्हणतानासुद्धा. मी म्हणालो, "नाही. आणि पडद्याचं आत्ता सांगितलं. तेव्हा नव्हतं सांगितलं." आतोबा दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. स्वयंपाकघरातून आत्या विचारत होती, चहा बाहेर आणू का.

मग त्यांनी विचारलं, "मोकळा?"

मी उजवीकडे वाकून, नीट बघून म्हणालो, "हं."