फरीदाबींचं चिंचेचं यंत्र

लातूरच्या अडत बाजारामागच्या गल्लीत बायका उन्हाळाभर चिंच फोडतात. फरीदाबी त्यांच्यात वीस वर्षं होत्या. हातोडीनं शेंग ठेचायची, चिंचोके वेगळे करायचे. त्यांच्या डाव्या अंगठ्याला धड नख कधी राहिलंच नाही.

नवरा मुज्तबा लेथवर काम करायचा. त्याच्या भंगारातले दोन रूळ घेऊन फरीदाबींनी हातानं फिरवायचं यंत्र जुळवलं. पहिल्या वर्षी चिंचोकेच फुटले. दुसऱ्या वर्षी गर रुळांना चिकटला. मग त्यांनी एका रुळावर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं, आणि चिंचोका सबंध खाली पडू लागला.

जानेवारीत बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांनी ते मांडलं. कुणी व्हिडिओ काढले. रबर कुठं, दोन रुळांत फट किती, फरीदाबींनी सगळं सांगितलं. विचारणाऱ्याला न सांगणं त्यांना जमायचं नाही.

सप्टेंबरात बाजारातला हमाल पंढरी आला. "भाभी, तुमची मशीन तिकडं लोहा गावात एक जण विकून राहिला. वर नाव त्याचं हाय."

फरीदाबी अक्षरा नावाच्या तरुण वकीलबाईंकडे गेल्या. अक्षरानं पहिलंच विचारलं, "ताई, प्रदर्शनाआधी पेटंटचा अर्ज केला होता?"

"न्हाई. कुणी सांगितलंच न्हाई."

पेटंट नव्या वस्तूलाच मिळतं, अक्षरा म्हणाली. अर्जाआधी चारचौघांत दाखवली की आपल्याकडे ती नवी धरत नाहीत. सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना सवलत असते, पण हे प्रदर्शन त्यांत नव्हतं.

"म्हणजे मीच दाखवलं म्हणून माझं गेलं?"

"हो. अमेरिकेत मात्र शोधणाऱ्याला वर्षभराची मुदत असते. तिथं अजून अर्ज करता येईल."

"तिथं कोण चिंच फोडून राहिलंय, बाई?"

अक्षराला हसू आलं. "आणि तिथलं पेटंट तिथंच चालतं. लोह्याच्या माणसाला त्यानं अडवता येणार नाही."

मुज्तबा लोह्याला जाऊन भांडायला निघाला होता. फरीदाबींनी जाऊ दिलं नाही. कायदाच आपल्या बाजूचा नाही तर भांडून काय, असं त्या म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी यंत्राला हात लावला नाही.

एक अडचण मात्र राहिलीच होती. ओल धरलेली चिंच रुळांत अडकायची. हिवाळाभर दार लावून त्यांनी त्यावर काम केलं आणि रुळाखाली फणीसारखी एक पट्टी बसवली. तिनं गर आपोआप खरवडून निघे. नणंद मनतशा शेजारीच राहायची. तिनं विचारलं तेव्हा फरीदाबी म्हणाल्या, "नंतर सांगते." मनतशानं महिनाभर बोलणं टाकलं. ते फरीदाबींना लोह्याच्या माणसापेक्षा जास्त लागलं.

पट्टी अजून कुणी पाहिलेली नव्हती, म्हणजे ती नवीच होती; फेब्रुवारीत अक्षरानं तिच्या पेटंटचा अर्ज भरला. पोच आली त्याच दुपारी फरीदाबींनी मनतशाला हाताला धरून आणलं. तिनं दांडा फिरवून पाहिला.

"अगं, हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

फरीदाबींनी राजपत्रापासून सगळं समजावलं. मनतशाला ते काही पटलं नाही, पण बोलणं सुरू झालं. अर्जाचा निकाल अजून लागायचाय. लोह्याचा माणूस जुनं यंत्र विकतोच आहे. ओली चिंच त्यात अजून अडकते.