वाकलेली मान

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास आमच्या आठव्या मजल्यापर्यंत चढतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. मी पोळ्या लाटता लाटता थांबते, आणि आईची ती दुपार आठवते.

आई तेव्हा सीवूड्सला एका कादंबरीकारांकडे स्वयंपाकाला जायची. नवी कादंबरी छापून आली तेव्हा त्यांनी ती आईच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "यात तुम्ही आहात." आईला वाचता येत नव्हतं. घरी येऊन तिनं मेथीची जुडी पुढ्यात घेतली आणि मला म्हणाली, "वाच बरं, कशी हाय मी त्यात."

मी वाचू लागले. कादंबरीतली बाई खिडकीपाशी मान खाली घालून पोळ्या लाटते. गावकुसाबाहेरच्या साऱ्या पिढ्यांचं ओझं त्या मानेवर आहे. ती मान म्हणजे कधीच न फुललेली, वाकलेली फांदी. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. "मान खाली?" ती म्हणाली, आणि मग हळूच हसली. "अगं, खाली तळ्यात गुलाबी पाखरं उतरायची. तीच बघायची मी. सरांना कधी दिसलीच नाहीत व्हय?"

आज आमच्या खिडकीखालचं तळंही गुलाबी झालंय. समोरच्या इमारतीतून कुणी पाहत असेल, तर त्याला मान खाली घातलेली एक बाई दिसत असेल. तव्यावरची पोळी करपायला लागलीय, पण मी अजून मान वर केलेली नाही.