पडद्यावरून गेलेल्या पट्ट्या

लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड करण्यात माझी निम्मी हयात गेली. ते काम आटलं म्हणून वेबसाइट बनवायच्या क्लासला गेलो. बायकोलाही सोबत नेलं. ती मला विचारत विचारत शिकेल, असं वाटलं होतं.

झालं उलटंच. पडद्यावर डावीकडे पानाच्या भागांची यादी असलेली एक पट्टी, उजवीकडे रंग-आकार बदलायची दुसरी, मध्ये पान. सवयीनं मी फोटो उचलून हवा तिथं ठेवायचो आणि मोबाइलच्या आकारात बघितलं की सगळं एकमेकांवर चढलेलं असायचं. हिनं डावीकडची पट्टी वाचली आणि म्हणाली, "डब्यात डबा हाय की वो! भायला हलवला की आतला आपसूक येतोय." शिकवणारी मुलगी मला म्हणाली, "काका, काकूंच्याकडनं शिका जरा." मीही हसलो. कळंब्याला घरी पोचेपर्यंत मात्र गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली.

मग कागलच्या मेहुणीनं आपल्या रोपवाटिकेची वेबसाइट करायला सांगितली. मला नव्हे, हिला. हिचं ते पहिलं काम. स्वयंपाक लवकर उरकून ती संगणकापुढं बसायची, आणि मला भाजीतलं मीठ कमी लागायचं.

एका दुपारी हाक आली. "अहो, हिकडं या! पट्ट्या कुठं गेल्या सगळ्या? मी कायतरी मोडलं बघा."

पडद्यावर नुसतं पान उरलं होतं. चुकून कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबलं की असं होतं. पुन्हा दाबलं की पट्ट्या जागेवर. माझंही एकदा झालं होतं. मी पडदा न्याहाळला, डोकं खाजवलं. "काय कळंना," म्हणालो. तिचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

सकाळी ती बहिणीला फोनवर सांगत होती, "मला न्हाय जमायचं गं. दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घे."

ते ऐकवेना. मी जाऊन तिच्यादेखत बटण दाबलं. पट्ट्या परत आल्या.

"काल ठावं हुतं तुम्हाला?"

"व्हय."

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "सरका."

वेबसाइट झाली, चांगली झाली. आता दुसरीही कामं येतात. अडलं की ती क्लासच्या मुलीला फोन लावते. मी शेजारच्या खुर्चीत ऐकत असतो. कितीदा तरी उत्तर मला ठाऊक असतं.