जमिनीवर लागलेली नोकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे — पण ते सोपं अर्धं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. त्याला धाडस वगैरे म्हणू नका.

मी कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात आहे, फायनान्स विभागात. माझं गाव तिथून लांब, चिमूरच्या बाजूला. गावात मी ‘एम.बी.ए. करून लागलेला’ म्हणून ओळखला जातो. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे डिग्री छापली होती. गणपतीत सत्कारही झाला. शाल घेताना मी मान खाली घातली, तर लोकांना वाटलं, किती नम्र मुलगा!

आमच्या कारखान्यात नवा माणूस भेटला की नावाआधी विचारतात — कशावर लागला? शिक्षणावर की जमिनीवर? ज्याची जमीन कारखान्यात गेली, त्याच्या घरच्या एकाला नोकरी मिळते. त्यात वावगं काय आहे? काहीच नाही. जमीन देऊन घेतलेली नोकरी आहे, भीक नव्हे. पण ‘जमीनवाला’ हा शब्द लोक असा काही उच्चारतात, की जणू ह्याला बेरीजसुद्धा येत नसावी.

मी जमीनवाला आहे.

आईला तिच्या वडिलांकडून मिळालेलं कापसाचं वावर कारखान्यात गेलं आणि तिनं नोकरीसाठी माझं नाव दिलं. त्याआधी डिग्री घेऊन मी तीन वर्षं नागपुरात वणवण केली होती. कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी बल्लारपूरला एका दुकानात बसून सिमकार्डं विकली. कारखान्याच्या फॉर्मवर शिक्षणाचा रकाना मी सुवाच्य अक्षरात भरला, पण समोरच्यानं तो वाचलासुद्धा नाही. त्याला वावराचा गट नंबर हवा होता. वावर आईच्या माहेरचं, इतकं लांबचं — आमच्या गावात कुणाला पत्ता लागला नाही. मी लागू दिला नाही. आईलाही गप्प बसवलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? फुशारकी कोण मारत नाही? मीही स्वतःला हेच सांगत होतो. पौर्णिमा येईपर्यंत.

पौर्णिमा ही शेजारच्या देवराव भाऊंची मुलगी. देवराव भाऊ ढिवर, गावच्या तलावावर मासे धरतात. पोरगी बी.कॉम. झाली आणि मासेमारांच्या संस्थेनं ठरवलं, आता सचिव बाहेरून आणायचा नाही, आपलीच पोर बसवायची. आजवर बाहेरचा माणूस कागद वाचून दाखवायचा आणि हे सगळे मुकाट सह्या करायचे. त्यांना वाचणारं घरचं माणूस हवं होतं. सभेत म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तिच्यासाठी हात वर केले. पगार बेताचाच, पण मान मोठा. पोळ्यापर्यंत तिनं हो की नाही ते कळवायचं होतं.

तिचं दुसरं मन म्हणत होतं, नागपूरला जाऊन फायनान्समध्ये एम.बी.ए. करावं. पोरगी मोठी हुशार — नुसतं ‘करू का?’ असं विचारायला आली नाही. वहीत प्रश्न लिहून आणले होते. तुमच्या वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली? कुठं लागली? तीच नोकरी बी.कॉम.वर मिळाली असती का? हे प्रश्न मला माझ्या वेळी का सुचले नाहीत? मी थातूरमातूर उत्तरं देत गेलो. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं.

“ते जाऊ द्या भाऊ. तुमाले त ह्या डिग्रीनंच नोकरी लागली ना?”

अंगणात देवराव भाऊ बसले होते. माझी आई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. ‘नाही’ — एवढा एकच शब्द पुरे होता. मी म्हणालो, “हो, ह्यानंच लागली. कर तू.”

मला अजून धक्का बसतो तो ह्याचा, की ते किती सहज निघालं. जीभ अडखळलीसुद्धा नाही! तिनं वही मिटली, हसली, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेला नाही म्हणून कळवलं. त्या खुर्चीवर पुन्हा बाहेरचा माणूस आला. तो अजून आहे.

दोन वर्षांनी एम.बी.ए. होऊन पौर्णिमा आमच्याच कारखान्यात मुलाखतीला आली. मला न सांगता — ओळखीनं लागली असं कुणी म्हणू नये म्हणून. मी कागद पुढे सरकवायला टेबलाच्या कडेला बसलो होतो. दार ढकलून ती आत आली आणि मी तिचा कागद साहेबांपुढे सरकवला. तिनं सगळी उत्तरं इंग्रजीत दिली. स्वच्छ, न अडखळता. मला तसं आजही जमत नाही.

साहेबांनी फाईल मिटली आणि चांगल्या मनानंच म्हणाले, तू हुशार आहेस, पण जमीनवाल्यांची यादी संपेपर्यंत आमचे हात बांधलेले आहेत. तिनं विचारलं, इथं डिग्रीवर कुणीच लागलं नाही का? साहेब हसले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्यालाच विचार. डिग्री तुझ्यासारखीच आहे त्याच्याकडे, पण लागला आईच्या वावरावर.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिला कळतच नव्हतं, की मी असं का केलं असेल. मग ती साहेबांना ‘थँक यू’ म्हणून उठली.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मी काय केलं, ते सांगायचं आहे. त्यासाठीच तर एवढा वेळ घुटमळतो आहे.

गेटवर देवराव भाऊ थांबले होते. पोरीसोबत आलेले, माझ्यासाठी डब्यात झिंगे घेऊन. ती त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

“बाबू, पोरगी कुठी कमी पडली? तुले त आतलं सारं माहीत आहे.”

म्हणजे तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तिनं माझ्यावर सोडलं होतं. माझ्यावर! एवढं सगळं कळल्यावरही?

मी म्हणालो, “इंग्रजी कच्चं आहे भाऊ तिचं. तिथंच मागं पडली.”

देवराव भाऊ तिच्याकडे वळले. “मी काय सांगून राह्यलो होतो तुले? ध्यान दे म्हणून!” तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली पाहत राहिली.

डबा मी घरी नेला. झिंगे खाल्ले.

पौर्णिमा आता चिमूरला इंग्रजीच्या क्लासला जाते. बापानं लावून दिला. गावात म्हणतात, पोरगी हुशार होती, पण इंग्रजीनं घात केला. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मलाही कुणीतरी तसंच म्हणालं. मी “हो ना” म्हणालो.