आतल्या भिंतीवरचा गीझर

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी गॅस आला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी गीझर घ्यायचं ठरवलं. सासूबाईंचे गुडघे दुखत, आणि बंबाच्या धुरानं त्यांना खोकला येई. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, महाल भागात शेगड्यांचं दुकान होतं, मागेच घर. नळ सोडताच गरम पाणी देणारा गॅसचा गीझर तेव्हा नवा होता. दुसऱ्या कुणाला विचारायचं मनातही आलं नाही.

दादा स्वतः बसवायला आला. आमची न्हाणी एवढीशी, वर एक झरोका. तो आतल्या भिंतीला भोकं पाडू लागला, तेव्हा मी विचारलं, "दादा, हा बाहेर नाही का लावत?"

"काही होत नाही वं. आतच बरा. अन् त्या झरोक्याले पुठ्ठा लाव, हवेनं ज्योत विझते."

पुठ्ठा मीच लावला.

पंधरा दिवस सासूबाई सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या. मग एका रविवारी सकाळी त्या न्हाणीत गेल्या आणि पाणी वाहतच राहिलं. हाका मारल्या, उत्तर नाही. यांनी धक्के मारून कडी तोडली. सासूबाई पाटाशेजारी आडव्या पडल्या होत्या. लुगडं गुंडाळून आम्ही त्यांना ओसरीवर आणलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, मग उलट्या सुरू झाल्या.

शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले. सासूबाईंना तपासून झाल्यावर ते न्हाणीत गेले आणि पुठ्ठा फाडूनच बाहेर आले. "कोंडलेल्या जागेत गॅस जळला की विषारी हवा होते. तिला वास नसतो. थोडक्यात वाचल्या."

दुसऱ्या दिवशी मी महालात गेले. दादाला हे ठाऊक नसणार, ऐकून तो घाबरेल, असं वाटत होतं. तो पुढे दुकानात गिऱ्हाइकांत होता, म्हणून मागच्या दारानं घरात शिरले. अंगणात, न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, आमच्यासारखाच गीझर होता. नळी भिंतीतून आत गेलेली.

"हा बाहेर कसा, वहिनी?"

"आत लावाचा नाही म्हणते ना ताई, जीवाले धोका असते. यायनंच सांगतलं मले."

दादा आला तेव्हा मी फक्त त्या भिंतीकडे बोट केलं.

तो खाली बघत म्हणाला, "तुमची भिंत जाड होती. भोक पाडाले दिवस गेला असता. मले सावनेरले लग्नाले जायचं होतं."

"मग तसं सांगायचं होतं. आम्ही थांबलो असतो."

रागवायचं ठरवून मी आलेच नव्हते. वहिनीनं ठेवलेला चहा तसाच सोडून निघाले.

दुसऱ्या मिस्त्रीनं गीझर बाहेर लावून दिला. सासूबाई दादाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. भाऊबीजेला तो आला, मी ओवाळलंही. पण नंतर त्यानं काहीही सुचवलं की मी आणखी दोन ठिकाणी विचारून येई. त्याला ते कळत होतं.