विलासभाऊची शिट्टी

आमच्या राफ्टला तीन ठिगळं आहेत. किस्से किती, ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय. चहाला बसलो की कुणीतरी "त्या दिवशी..." एवढंच म्हणतं आणि विलासभाऊ अर्धा चहा टाकून उठतो! कारण बहुतेक किस्स्यांत पाण्यात पडलेला माणूस तोच असतो.

विलासभाऊ वरठीच्या कारखान्यात फिटर. एका बंद पडलेल्या बोटिंग सेंटरमधून ही जुनी राफ्ट त्यानंच आणली, म्हणून तोच कॅप्टन. गळ्यात शिट्टी. मी लाखनीचा, हायवेवर स्पेअर पार्ट्सचं दुकान. तिसरा दिनू, चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवतो.

* * *

राफ्टमध्ये पहिल्यांदा हवा भरली ती माझ्या शेजारच्या पंक्चरवाल्याकडे, ट्रकच्या कॉम्प्रेसरवर. फुगता फुगता तिनं अर्धा रस्ता अडवला. मागे ट्रकांची लाइन! पंक्चरवाल्यानं घाम पुसला, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ट्यूब तं भरली भाऊ, पन गाडी कुठी हाय?"

* * *

प्रॅक्टिस गावच्या तलावात. विलासभाऊनं व्हिडिओ बघून इंग्रजी ऑर्डरी पाठ केल्या होत्या. "लेफ्ट बॅक! राइट फॉरवर्ड!" तो शिट्टी फुंकायचा आणि आम्ही जागच्या जागी गरगर फिरायचो. तासभर हेच! बाजूला एक म्हातारे ढिवरबाबा डोंग्यातून जाळं टाकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काई हरवलं का जी तुमचं?"

* * *

खरी नदी चिखल्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. तिथं ती डोंगर कापत जाते. दोन्हीकडे काळा खडक, मधून फेसाळलेलं पाणी. दिनूनं सगळ्यांसाठी खाणीत घालतात तशी पिवळी हेल्मेटं जमवली होती. ती घालून काठावर उतरलो, तर अर्धं गाव गोळा! एक काका हात जोडून म्हणाले, "इथं बी खान निंगून राहिली का साहेब? माह्या पोराले लावून द्या ना."

दिनूनं गमतीत पोराची मार्कशीट मागितली. काकांनी धावत जाऊन आणून दिली! ती अजून दिनूच्या ट्रकमध्ये आहे, आणि मला त्याची आजही लाज वाटते.

* * *

पहिल्या खेपेला विलासभाऊ दोनदा पडला. वर ओढला तर म्हणतो, "पडलो नाई, उतरलो! खोली पाहाले!"

दुसऱ्या खेपेला खोली तीनदा पाहिली. दिनूनं शिट्टीच मागितली. "पान्यातून काय ऑर्डर देतं बे तू?"

विलासभाऊ भडकला. "आता पडलो तं शिट्टी देऊन टाकीन!"

शिट्टीत त्याचा जीव होता हो. कारखान्यात बिचारा दिवसभर दुसऱ्याच्या भोंग्यावर चालतो.

* * *

या पडण्याची बातमी लाखनीला विलासभाऊच्या सासूबाईंच्या कानावर गेली. तिसऱ्या खेपेला त्या थेट नदीवर हजर! "माह्या पोरीचं कुंकू हाय. मी बी बसतो डोंग्यात."

लहानपणी तळ्यात शिंगाडे काढलेली बाई, पाण्याला भिणार कशाला! अडचण एकच, जावयाचा मान. त्याला एक शब्द बोलायचा नाही, ऑर्डर तर दूरच.

घळीत शिरलो. पहिल्याच खडकावर राफ्ट आपटली, गरकन फिरली आणि पाठमोरी सुसाट निघाली. माझी बोबडी वळली, खोटं कशाला सांगू! सासूबाई शांत. "भेता काहून? धानाच्या रोवण्यात आमी मांगं मांगंच सरकतो."

एवढ्यात विलासभाऊ गायब!

त्यांनी पदर खोचला, वल्हं पुढे केलं. "जवाईबापू, पाय वर ठेवा जी! वल्हं धरा जी!" इतक्या मानानं कुणालाच आजवर पाण्यातून काढलं नसेल.

विलासभाऊ वर आला. धापा टाकत त्यानं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. "मामी, घ्या."

"नोको जी. जवायाची वस्तू कशी घेऊ?"

"घ्या म्हन्तो ना!" मला खरंच त्याचं वाईट वाटलं.

त्यांनी घेतली. उरलेली घळ आम्ही त्यांच्या शिट्टीवर पार केली. कुणीही पडलं नाही.

पंधरा दिवसांनी मी सासूबाईंच्या शेतावर गेलो. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात. बाया ओळीनं वाकलेल्या, मागे मागे सरकत होत्या. विलासभाऊ पाहुणा आलेला. शेताच्या कडेला धुऱ्यावर सावलीत त्याचं जावयाचं ताट वाढलेलं, वर तुपाची धार.

चिखलातून शिट्टी वाजली.

विलासभाऊनं हातातला घास ताटात ठेवला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि बांधीतल्या चिखलात उतरला!